अमोनियाची बोट घेऊ की एलएनजीची?

प्रश्न : मी थर्ड इंजिनिअर आहे. आतापर्यंतची सगळी नोकरी साध्या तेलावर चालणाऱ्या बल्क कॅरिअरवर झाली. पुढच्या काँट्रॅक्टसाठी कंपनीने दोन पर्याय ठेवलेत. एक, एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालणारी कंटेनर बोट, लगेच जॉइन व्हायचं. दुसरा, अमोनियावर चालणारी नवी बोट. त्यासाठी आधी प्रशिक्षण, मग जहाजबांधणीच्या यार्डात डिलिव्हरीला हजर राहायचं. आईने अमोनियाबद्दल कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "विषाच्या टाकीशेजारी झोपायला मी माझ्या मुलीला पाठवणार नाही." माझी काळजी वेगळी आहे. सीनिअर म्हणतात, हे सगळं हरित इंधनाचं प्रकरण दिखाऊ आहे, नियमच पुढे ढकललेत, पाच वर्षांनी ही सर्टिफिकेटं कोणी विचारणार नाही. मला हवामानबदलाची मनापासून काळजी वाटते, म्हणूनच स्वतःची फसवणूक करून घ्यायची नाही. शेवटी कुठलं इंधन टिकणार? आणि मी काय निवडू? आणखी एक. सध्याच्या बोटीवर पुढच्या पोर्टला बी-३० बायोफ्युएल घ्यायचं ठरलंय, आणि त्याच सुमारास चीफ इंजिनिअर बदलणार आहेत. काय सांभाळायचं?
– एक थर्ड इंजिनिअर

उत्तर : निकाल आधी सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. या वेळी एलएनजीची बोट घ्या. अमोनियाला नकार देऊ नका. "एक काँट्रॅक्ट करून येते" असं सांगा आणि ती जागा तुमच्यासाठी राखून ठेवल्याचं कंपनीकडून मेलवर घ्या. आईच्या भीतीपोटी मी हा क्रम सुचवत नाही, आणि सीनिअरांच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही. कारण वेगळं आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी तुमचा मोठा प्रश्न घेऊ. शेवटी कुठलं इंधन टिकणार, हा प्रश्न सध्या प्रत्येक मेसरूममध्ये रंगतो. मला वाटतं त्याचं उत्तर एका नावात मिळणारच नाही, आणि मिळालं तरी त्यावरून तुम्ही काय निवडायचं हे ठरणार नाही. जगाचा ८० टक्क्यांहून अधिक व्यापार, वजनाने मोजला तर, समुद्रावरून होतो. ५,००० ग्रॉस टनांवरच्या जहाजांना आपला इंधनाचा हिशेब आयएमओकडे (संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेकडे) द्यावा लागतो आणि तो दरवर्षी २० कोटी टनांच्या वर भरतो. आयएमओच्या २०२०च्या अभ्यासाने २०१८ सालचं सगळ्या जहाजांचं मिळून उत्सर्जन १०७.६ कोटी टन धरलं. माणसामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनाच्या ते २.८९ टक्के होतं. आता याच्यासमोर डेन्मार्कमधला कासो इथला ई-मिथेनॉलचा (हरित विजेच्या मदतीने केलेल्या मिथेनॉलचा) कारखाना ठेवा. २०२५मध्ये सुरू झाला, आपल्या प्रकारातला जगातल्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी, वर्षाला ४२,००० टन मिथेनॉल बनवण्याची क्षमता. मिथेनॉलमध्ये तेलाच्या निम्मीच ऊर्जा असते, म्हणजे हे सगळं मिळून साधारण २०,००० टन तेलाची जागा घेणार. वीस कोटींच्या बाजूला वीस हजार! हा आकडा मी कारखान्याला कमी लेखायला देत नाही. तो उभा राहिला याचा मला आनंदच आहे. पण जिथे मागणी आणि पुरवठा यांत एवढी दरी आहे तिथे एकच इंधन जिंकून बाकीची हद्दपार होतील, असं होत नाही. ज्या बंदरात जे मिळेल आणि ज्या मार्गाला जे झेपेल ते वापरलं जाईल. तुमच्या पूर्ण करिअरमध्ये तुम्ही दोन-तीन इंधनं हाताळाल असं धरून चाला.

एक बोट डोळ्यांसमोर आणा. मेन इंजिन दिवसाला ५० टन तेल खातं आणि पुढचं पोर्ट वीस दिवसांवर आहे. तेलाला रोज साधारण ५२ घनमीटर जागा लागते. तेवढीच ऊर्जा एलएनजीतून हवी तर ९० घनमीटरच्या थोडं वर, मिथेनॉलमधून १२७, अमोनियातून १६०च्या आसपास आणि द्रव हायड्रोजनमधून २३५. याला वीसने गुणा. शिवाय एलएनजी उणे १६२ अंशांना ठेवायचा, अमोनिया उणे ३३ला, हायड्रोजन उणे २५३ला, आणि त्या प्रत्येकाचं इन्सुलेशन, वेगळी टाकी, टाकीभोवतीची मोकळी जागा. त्यामुळे हायड्रोजन लांब पल्ल्याच्या मालवाहू जहाजांवर लवकर येईल असं मला वाटत नाही. नॉर्वेत 'एमएफ हायड्रा' ही फेरी २०२३पासून द्रव हायड्रोजनवर चालते, आणि छोट्या ठरावीक मार्गाला ते शोभतंही. तुमच्या वीस दिवसांच्या बोटीला नाही.

याच बोटीचा दुसरा हिशेब कंपनीच्या माहितीपत्रकात सहसा नसतो. ५० टन तेलाच्या बदल्यात रोज सुमारे १०८ टन अमोनिया लागेल. पाण्यापासून वीज वापरून हायड्रोजन काढायचा, हवेतून नायट्रोजन घ्यायचा आणि दोघांचा अमोनिया करायचा, तर टनामागे साधारण १० मेगावॉट-तास वीज जाते. म्हणजे रोजची १,०८० मेगावॉट-तास. एका बोटीसाठी किनाऱ्यावर कुठेतरी ४५ मेगावॉटचा वीजपुरवठा रात्रंदिवस अखंड चालू हवा. वारा आणि ऊन रात्रंदिवस सारखं नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात उभारायची क्षमता त्याच्या दोन-तीन पट धरा. एका बोटीसाठी.

हे सगळं सांगण्यामागे हेतू आहे. तुम्हाला स्वतःची फसवणूक नको आहे, तर इंधनाच्या नावावर विश्वास ठेवणं आधी सोडा. मिथेनॉल, अमोनिया, हायड्रोजन ही नावं स्वच्छही नाहीत आणि घाणेरडीही नाहीत. युरोपीय संघाच्या फ्युएल-ईयू नियमात प्रत्येक इंधनाचा उगमापासून फनेलपर्यंतचा (बोटीच्या धुराड्यापर्यंतचा) हिशेब धरलाय. जड तेल दर मेगाज्यूलला ९१-९२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकं पडतं. नैसर्गिक वायूपासून केलेलं मिथेनॉल शंभरच्या घरात जातं, वायूपासून केलेला अमोनिया १२१ आणि तसाच हायड्रोजन १३२! अमोनिया-हायड्रोजनच्या बाबतीत तुमच्या फनेलमधून कार्बनचा कणही न निघता तेलापेक्षा जास्त प्रदूषण झालेलं असतं, फक्त ते किनाऱ्यावरच्या कारखान्यात आधीच होऊन गेलेलं असतं. उलट तोच अमोनिया वाऱ्याच्या विजेवर केला असेल तर आकडा जवळपास तळाला येतो. मिथेनॉलचीही तीच गोष्ट. त्यात कार्बन असतोच आणि जळल्यावर तो बाहेर पडतोच. तो मुळात झाडापाल्यातून, शेणाखतातून किंवा हवेतून घेतलेला असेल तरच हिशेब जुळतो. म्हणून बंकर डिलिव्हरी नोट (इंधन भरल्याची पावती) नुसती सही करून फाइलला लावायचा कागद समजू नका. त्याच्यासोबत शाश्वततेचं प्रमाणपत्र आलंय का, कच्चा माल काय लिहिलाय, हे वाचायची सवय आत्तापासून लावा. बहुतेक इंजिनिअर ते वाचत नाहीत.

इंधन कुठून आलं हे किनारा ठरवतो, तुमच्या हातात ते नाही. पण दुसरी अर्धी गोष्ट इंजिन रूममध्ये ठरते : न जळता किती निसटलं. आणि एलएनजी आधी घ्या म्हणण्याचं माझं पहिलं कारण हेच आहे.

एलएनजीवर चालणाऱ्या बोटीच्या फनेलमधून कार्बन डायऑक्साइड तेलाच्या मानाने पाव हिश्शाने कमी निघतो. ही झाली जमेची बाजू. पण एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन न जळता बाहेर गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन २८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा हवेला तापवतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर ऐंशीच्या वर. फ्युएल-ईयू नियमाने इंजिनाच्या प्रकारानुसार ही गळती धरलीय. हाय-प्रेशर डिझेल सायकलच्या (गॅस जास्त दाबाने शेवटच्या क्षणी आत सोडणाऱ्या) टू-स्ट्रोकला ०.२ टक्के, लो-प्रेशर ऑटो सायकलच्या (गॅस आधीच हवेत मिसळून घेणाऱ्या) टू-स्ट्रोकला १.७ आणि लो-प्रेशर फोर-स्ट्रोकला ३.१ टक्के. हा ३.१ टक्क्यांचा आकडा घेऊन उगमापासून हिशेब मांडला, तर शंभर वर्षांच्या मापानेसुद्धा एलएनजी तेलाच्या बरोबरीला येऊन बसतो. पाव हिश्शाचा फायदा पूर्ण गेला.

तर कंपनीला पहिलं विचारा की मेन इंजिन कुठल्या सायकलचं आहे आणि जनरेटर कुठले आहेत. बोट घेताना सगळ्यांचं लक्ष मेन इंजिनवर असतं, पण जनरेटर बहुतेक फोर-स्ट्रोक ऑटोच असतात, आणि गॅसच्या प्रमाणात बघितलं तर गळती सगळ्यात जास्त तिथून होते. कमी लोडवर ती वाढते. बंदरात किंवा मनूव्हरिंगला (बोट धक्क्याला लावता-काढताना) 'असू दे स्टँडबायला' म्हणून एक जादा जनरेटर चालू ठेवायचा आणि दोन्ही तीस-पस्तीस टक्क्यांवर रेंगाळत राहायचे, हे तुम्ही पाहिलंच असेल. सुरक्षेसाठी जिथे लागतो तिथे लागतोच, त्यात तडजोड नाही. पण धोका टळल्यावरही तो तासन्‌तास तसाच चालू राहतो तो निव्वळ सवयीने. चीफशी बोलून लोडचं नीट नियोजन करणं, गॅस अ‍ॅडमिशन व्हॉल्व्ह आणि रिंग्ज वेळेवर बघणं, सिलिंडरचा समतोल राखणं, ही थर्ड-सेकंड इंजिनिअरच्या आवाक्यातली कामं आहेत. यातून जेवढा मिथेन वाचेल तो खराखुरा वाचेल. हवामानाची काळजी असलेल्या इंजिनिअरला याहून थेट काम मला सुचत नाही.

दुसरं कारण नियमाचं. साठ अंशांच्या खाली ज्याचा फ्लॅशपॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) आहे अशी इंधनं आणि वायू वापरणाऱ्या जहाजांना आयजीएफ कोड हा आयएमओचा सुरक्षा नियम लागतो. तो २०१७च्या १ जानेवारीपासून लागू आहे. अशा बोटीवर इंधन हाताळायची जबाबदारी घ्यायची तर एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट हवं, आणि ते नुसत्या वर्गात बसून मिळत नाही. कोर्सशिवाय आयजीएफ बोटीवर किमान एक महिन्याची समुद्रसेवा आणि तीन बंकरिंग लागतात. तीनपैकी दोन सिम्युलेटरवर चालतात. तुमच्याकडे आज त्यातलं काहीच नाही. एलएनजीच्या एका काँट्रॅक्टमध्ये ते सहज पुरं होईल.

आणि कागदापेक्षा हात तयार होणं मोठं. दुहेरी भिंतीचे पाइप, मधल्या पोकळीतला खेचता वारा, तो बंद पडला तर गॅस आपोआप तोडणारी व्यवस्था, डबल ब्लॉक अँड ब्लीड (दोन व्हॉल्व्ह बंद करून मधला गॅस बाहेर सोडणं), नायट्रोजनने लाइन फुंकून काढणं, गॅस फ्री आहे म्हणजे नक्की किती वाचन आलं, हे सगळं एलएनजीवर शिकता येतं. नॉर्वेची 'ग्लुत्रा' ही फेरी २०००मध्ये एलएनजीवर सुरू झाली. तेव्हापासून चुकाही झाल्या आणि त्या लिहूनही ठेवल्या गेल्या. तुमच्या सेकंडला, चीफला, सुपरिंटेंडंटला त्या माहीत असतात. अमोनियाबद्दलच्या अशा अनुभवाचा साठा जहाजाच्या इंजिन रूमपुरता अजून फार लहान आहे. पहिल्या काही अमोनिया बोटींवर चढणाऱ्या सगळ्यांनीच वायूइंधनाला नवखं असणं मला पटत नाही. तुम्ही तिथे जाल तेव्हा निदान निम्म्या गोष्टी तुमच्या अंगवळणी पडलेल्या असाव्यात.

या सल्ल्यात तुमचं एक नुकसान आहे, तेही सांगायला हवं. नव्या बोटीच्या डिलिव्हरीला यार्डात असणं ही फार मोठी संधी असते. लॅगिंग (पाइपवरचं आवरण) चढायच्या आधी पाइप कुठून कुठे गेलाय, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या प्लेटखाली लपलाय, हे तेव्हा जे दिसतं ते पुन्हा दिसत नाही. ही खेप हुकेल. म्हणून कंपनी जागा राखायला तयार नसेल, 'आत्ता नाहीतर नाही' म्हणाली, तर मी माझा सल्ला फिरवतो. पण तेव्हा पुढचे प्रश्न विचारूनच हो म्हणा.

गळती झाली तर सगळ्यांनी जमायची सुरक्षित खोली कुठली आणि तिची हवा वेगळी आहे का? सुटकेसाठीची श्वसनयंत्रं माणशी आहेत की फक्त कामावरच्यांसाठी? आपत्कालीन शॉवर आणि आयवॉश इंधनाच्या खोलीच्या दाराशी आहेत की डेकच्या टोकाला? लाइन फुंकताना निघालेला अमोनिया कुठे जातो, पाण्यात शोषला जातो की मास्टमधून सोडून देतात? फनेलमध्ये नायट्रस ऑक्साइड मोजायचं साधन आहे का? हा शेवटचा प्रश्न तुमच्यासारखीने विचारलाच पाहिजे. अमोनियात कार्बन नाही हे खरं, पण तो नीट जळला नाही तर थोडा नायट्रस ऑक्साइड तयार होतो आणि त्याचा एक किलो शंभर वर्षांत २७३ किलो कार्बन डायऑक्साइडचं काम करतो. न मोजता 'शून्य उत्सर्जन' म्हणणाऱ्या बोटीवर मी विश्वास ठेवणार नाही. आणि सगळ्यात शेवटी विचारा, पहिल्या वर्षी टाकीत कुठला अमोनिया असेल? वायूपासून केलेला असेल तर तसं स्पष्ट सांगणारी कंपनी मला जास्त भरवशाची वाटते. इंजिन आधी तयार व्हायला हवं, स्वच्छ इंधन मागून येईल, हा क्रम मला मान्य आहे. लपवाछपवी मान्य नाही.

आता आईंबद्दल. त्यांना 'काही होत नाही' म्हणून उडवून लावू नका, कारण त्या बरोबर बोलतायत. अमोनिया विषारी आहे. तो डोळे, घसा, फुप्फुसं, घामाने ओली झालेली कातडी, जिथे पाणी तिथे धावतो. दिवसभराच्या कामासाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) ही मर्यादा धरतात आणि ३०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. बहुतेकांच्या नाकाला तो पाचेक पीपीएमलाच कळतो, म्हणजे मर्यादेच्या खूप आधी. (नाक सरावतं, म्हणून नाकावर विसंबायचं नाही. डिटेक्टर हाच खरा.) वायूरूपात तो हवेपेक्षा हलका असतो, पण थंड द्रव एकदम सांडला तर पांढऱ्या ढगासारखा डेकला चिकटून सरकतो. तेव्हा वर पळायचं की बाजूला, हे ड्रिलमध्ये शंभरदा घोटलेलं असावं लागतं.

पण त्यांना हेही सांगा की अमोनिया समुद्राला नवा नाही. खतासाठी तो दरवर्षी कोट्यवधी टनांच्या मापात गॅस कॅरिअरमधून वाहिला जातो, कित्येक दशकं. नवीन आहे ते त्याला इंजिनापर्यंत आणणं. २०२४च्या मार्चमध्ये सिंगापूरला 'फोर्टेस्क्यू ग्रीन पायोनिअर'वर डिझेलसोबत अमोनिया जाळून दाखवला गेला. त्याच वर्षी जपानमध्ये 'साकिगाके' हा टग अमोनियावर चालायला लागला. हाच टग २०१५मध्ये एलएनजीसाठी बांधलेला होता, नंतर इंजिन बदलून अमोनियाचा केला. आयएमओने अमोनिया वापरणाऱ्या जहाजांसाठी सुरक्षेची अंतरिम मार्गदर्शिका २०२४च्या डिसेंबरमध्ये मंजूर केली. म्हणजे नियम आहे, पण नुकताच लिहिलेला. तुम्ही एका काँट्रॅक्टनंतर जाल तेव्हा पहिल्या बोटींचा अनुभव त्यात भर घालून गेलेला असेल. आईंना हे पटेल असं मला वाटतं, कारण यात त्यांच्या भीतीला पुरता मान आहे.

मिथेनॉलचा पर्याय कंपनीने दिलेला नाही, तरी कधी आलाच तर घ्यायला कचरू नका. साध्या तापमानाला द्रव राहतं, जुन्या बोटीत बदल करूनही बसवता येतं. 'स्टेना जर्मानिका' ही फेरी २०१५मध्ये तशी बदलली. २०२३मध्ये 'लॉरा मर्स्क' ही मिथेनॉलवरची पहिली कंटेनर बोट आली. मिथेनॉलची खोड एकच आणि ती मोठी : आग लागली तर दिवसाउजेडी ज्वाळा दिसत नाही म्हटलं तरी चालेल. उष्णता दाखवणारा कॅमेरा हातात नसेल तर तिथे जायचंच नाही.

तुमचे सीनिअर म्हणतात नियम पुढे ढकलले गेले, ते अर्धं खरं आहे. आयएमओने २०२३मध्ये ठरवलं की २०५०च्या आसपास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. २००८च्या तुलनेत २०३०पर्यंत निदान २० टक्के आणि २०४०पर्यंत निदान ७० टक्के घट. ते अंमलात आणायचा आराखडा २०२५च्या एप्रिलमध्ये मंजूर झाला आणि ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बैठकीत त्याचा स्वीकार एक वर्षासाठी लांबणीवर पडला. मला याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. कारखान्यांमध्ये पैसा घालणाऱ्यांना भरवसा हवा असतो, तो डळमळला. पण म्हणून सगळं थांबलं, असं नाही. युरोपीय बंदरांना जाणाऱ्या मोठ्या जहाजांना २०२४पासून कार्बनचे पैसे भरावे लागतात, २०२४च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांवर, २०२५च्या ७० आणि २०२६पासून पूर्ण. फ्युएल-ईयू २०२५पासून सुरू झालाय. इंधनाची कार्बन तीव्रता (दर मेगाज्यूल ऊर्जेमागचं उत्सर्जन) आज २ टक्क्यांनी कमी हवी, २०३०ला ६, २०३५ला १४.५ आणि २०५०ला ८० टक्क्यांनी. आज पाण्यात उतरणारी बोट वीस-पंचवीस वर्षं चालते, म्हणजे २०५०च्या उंबऱ्यापर्यंत. मालक ड्युअल-फ्युएल (तेल आणि दुसरं इंधन, दोन्हींवर चालणारी) इंजिनं मागवतायत ती हौसेखातर नाहीत. आणि ती इंजिनं चालवायला माणसं लागणारच, इंधन गॅसच्या रूपातलं असो की मिथेनॉल. तुमचं सर्टिफिकेट वाया जाणार नाही.

सीनिअरांच्या 'दिखाऊ' या शब्दाला एकाच ठिकाणी आधार आहे, तो म्हणजे इंधनाच्या चर्चेत वेगाचा मुद्दा मागे पडतो. बोट दहा टक्के हळू चालवली तर तेवढ्याच प्रवासाला इंधन जवळपास एकोणीस टक्क्यांनी कमी लागतं. हे आज, आहे त्या तेलावर, कुठलाही कारखाना न बांधता होतं. हल (बोटीचं बाहेरचं अंग) स्वच्छ ठेवणं, प्रोपेलर घासणं, वाऱ्याची मदत घेणारी रोटर सेल, यांचंही तसंच. पुढचं इंधन महाग आणि अपुरं असणार, त्यामुळे इंधन कमी जाळणाऱ्या बोटीलाच ते परवडेल. नव्या इंधनाचं कौतुक करणारी कंपनी जर बंदरात धावत जाऊन चार दिवस नांगर टाकून थांबत असेल, तर तिच्या हरितपणाबद्दल शंका घ्यायला हरकत नाही.

राहिलं बी-३०. घाबरण्यासारखं काही नाही, पण साध्या तेलासारखं वागवूही नका. यातलं ३० टक्के बहुधा फेम असतं, म्हणजे वनस्पती तेल किंवा वापरलेलं खाद्यतेल यांपासून केलेलं बायोडिझेल. ते चांगलं विद्रावक आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवतं आणि तो सगळा तुमच्या फिल्टरला येतो. पहिले काही दिवस फिल्टरच्या डिफरन्शियल प्रेशरवर (दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकावर) डोळा ठेवा, जादा एलिमेंट आधीच मागवून ठेवा आणि शक्य असेल तर टाकी धुऊन घ्या. जुन्या तेलात मिसळायचं नाही, वेगळ्या टाकीत घ्यायचं. फेम पाणी धरून ठेवतं आणि पाणी आलं की जंतू वाढतात, म्हणून सेटलिंग आणि सर्व्हिस टाकीचं ड्रेनिंग वॉचला नेमानं करा. निघालेलं पाणी नुसतं ओतून न देता बघा, चिकट काळपट पापुद्रा दिसला तर लगेच कळवा. घनता बदलेल, प्युरिफायरची सेटिंग त्याप्रमाणे तपासा. थंड पाण्यात जाणार असाल तर क्लाउड पॉइंट (ज्या तापमानाला तेलात मेणाचे कण दिसू लागतात तो) किती आहे ते सप्लायरकडून लेखी घ्या. जुनी नायट्राइल रबरची सील आणि तांबं-पितळेचे भाग असतील तिथे ओल दिसते का बघत राहा. ऊर्जा थोडी कमी असते, त्यामुळे खप दोन-तीन टक्के वाढलेला दिसेल, तो इंजिनाचा दोष समजू नका. नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत तीस टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाला आयएमओ साध्या तेलासारखंच धरते, त्यामुळे त्यासाठी वेगळ्या चाचणीची धावपळ नाही. सॅम्पल मात्र नीट सीलबंद घ्या आणि लॅबला आयएसओ ८२१७ या जहाजी इंधनाच्या मानकाच्या २०२४च्या आवृत्तीप्रमाणे तपासायला सांगा, कारण फेमच्या मिश्रणांना त्यात नीट जागा दिलीय.

हे इंधन महिनोन्‌महिने साठवून ठेवायचं नसतं, ते ऑक्सिडाइज होतं आणि आम्ल वाढतं. चीफ बदलताना नेमकी हीच गोष्ट निसटते. म्हणून हँडओव्हर नोटच्या अगदी वरच्या ओळीत लिहा : कुठल्या टाकीत किती बी-३० आहे, कुठल्या तारखेला घेतलं, आणि कुठल्या तारखेच्या आत संपवायचं. नवे चीफ चढले की त्याच दिवशी ती ओळ त्यांना तोंडीही सांगा.